जर्मनी: ब्लू कार्डावरून पीआर आधी घ्यावा, की आई-वडिलांजवळ राहून आल्यावर?

गोदाकाठची:

नमस्कार. मी मूळची नाशिकची असून सप्टेंबर २०२३ पासून श्टुटगार्टमध्ये ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या नोकरी-परवान्यावर) नोकरी करत आहे. पती २०२४ मध्ये कुटुंब-परवान्यावर येथे आले आणि ते आठवड्याला २५ तास काम करतात. जर्मन भाषेची बी१ (मध्यम पातळीची) परीक्षा मी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनातून निघण्यापूर्वीच उत्तीर्ण झाले होते, येथे आल्यावर ‘लेबेन इन डॉइचलांड’ ही जर्मनीतील जीवनाविषयीची चाचणीही दिली. त्यामुळे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, म्हणजे आपण सर्वजण ज्याला पीआर म्हणतो त्यासाठी, असलेली ब्लू कार्डावरील २१ महिन्यांच्या नोकरीची अट माझ्याबाबतीत पूर्ण झाली आहे.

अडचण घरची आहे. वडिलांना पार्किन्सन्सचा आजार आहे आणि आजवर त्यांचे सगळे काही करणाऱ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. मला भावंडे नाहीत. त्यामुळे सात-आठ महिने घरी जाऊन राहावे असे मी ठरवले असून कंपनी तेवढी बिनपगारी रजा देण्यास तयार आहे. पीआरचा अर्ज करून मग जावे, की ब्लू कार्डावरच जाऊन परत आल्यावर अर्ज करावा, हे मात्र कळत नाही. ब्लू कार्ड असताना बारा महिने जर्मनीबाहेर राहता येते, आणि पीआर त्याहून पक्का असल्यामुळे त्याला मुदतीचे बंधनच नसते, असे सहकारी सांगतात. हे खरे आहे का? आई-वडिलांनाच येथे आणण्याचा काही मार्ग असल्यास तोही कृपया सांगावा.

इझारतीर:

आईंची शस्त्रक्रिया सुरळीत पार पडो. सहकाऱ्यांचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग धोक्याचा आहे. ब्लू कार्डधारकाला आणि त्याच्या कुटुंबीयांना बारा महिन्यांची मुभा आहे, हे बरोबर. परंतु वास्तव्य कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे इतर बहुतेक परवान्यांना, आणि त्यात पीआरही आला, सहा महिन्यांचीच मर्यादा आहे. तुम्ही जर्मनीबाहेर गेलात आणि सहा महिन्यांच्या आत परत आला नाहीत, तर परवाना आपोआप संपतो. त्यासाठी कोणी नोटीस पाठवत नाही की सुनावणी होत नाही. म्हणजेच ब्लू कार्डावरून पीआरवर गेल्यावर बाहेर राहण्याची मुभा निम्म्यावर येते, आणि ही गोष्ट परवाना हातात देताना कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या कित्येकांना ती घरी आजारपण आल्यावरच कळते.

तरीसुद्धा माझे स्पष्ट मत असे आहे की आपण पीआर आधी घ्यावा. कारण याच कलमात पुढे असे म्हटले आहे की मुळातच तात्पुरत्या स्वरूपाच्या कारणासाठी बाहेर जाणाऱ्या पीआरधारकाला परदेशी नागरिक कार्यालयाने सर्वसाधारणपणे अधिक मुदत ठरवून द्यावी. आईची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची शुश्रूषा यापेक्षा चांगले तात्पुरते कारण कोणते असणार? मात्र ही मुदत निघण्यापूर्वी लेखी मागावी, आणि उत्तरही लेखी, परतण्याच्या अखेरच्या तारखेसह घ्यावे. ‘काही हरकत नाही’ असे काउंटरवर तोंडी सांगितलेले पुढे उपयोगी पडत नाही.

उलट ब्लू कार्डावर गेलात तर परवाना टिकेल, पण ते ब्लू कार्ड ज्या नोकरीवर आधारलेले आहे तिचे काय, ही टांगती तलवार आठ महिने डोक्यावर राहील. कंपनीने मध्येच कर्मचारीकपात केली, तर आपण नाशिकला आणि नवी नोकरी शोधण्याची मुदत येथे चालू, अशी स्थिती होईल. श्टुटगार्टच्या परिसरात वाहन उद्योगाचे सध्या काय चालले आहे ते आपण जाणताच. पीआर एकदा मिळाला की तो नोकरीला बांधलेला राहत नाही, आणि आपल्या परिस्थितीत मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते.

‘सहा महिने भरण्याआधी दोन दिवस येऊन जायचे’ ही युक्ती बरेच जण सुचवतात, तिच्यावर विसंबू नये. सहा महिन्यांच्या नियमाव्यतिरिक्त आणखी एक नियम असा आहे की मूळ कारणच तात्पुरते नसेल, म्हणजे माणूस बिऱ्हाड हलवून गेला असेल, तर परवाना त्याच दिवशी संपतो. म्हणून घराचा भाडेकरार, नोकरीचा करार आणि रजेचे पत्र ही तिन्ही कागदपत्रे चालू स्थितीत राहू द्यावीत. आपले पती येथेच राहणार असतील, तर तोही मोठा आधार आहे.

आई-वडिलांना आणण्याबाबतचे उत्तर निराशाजनक आहे. ज्यांना ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला, त्यांनाच आई-वडिलांना आणि काही अटींवर सासू-सासऱ्यांना बोलावण्याची नवी सवलत आहे. आपले ब्लू कार्ड २०२३ चे असल्यामुळे आपण त्यात बसत नाही. उरतो तो असाधारण हलाखीचा जुना मार्ग, आणि तेथे अर्ज मंजूर होणे फार कठीण असते. सवलतीत बसणाऱ्यांचीही गाडी बहुधा आरोग्य विम्यापाशी अडते, कारण येथील सरकारी विम्यात मुलांच्या आधाराने आई-वडिलांचा समावेश होत नाही आणि त्या वयात, आधीचे आजार असताना, खासगी विमा परवडेल अशा हप्त्यात मिळणे अवघड आहे.

सह्यवासी:

इझारतीर यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे, कारण मी या मार्गाने गेलो आहे. वडिलांच्या कर्करोगाच्या उपचारांसाठी मला कोल्हापुरात सहा महिन्यांहून अधिक काळ राहणे भाग होते. निघण्याच्या बऱ्याच आधी मी आमच्या शहरातील परदेशी नागरिक कार्यालयाला ईमेल पाठवला आणि सोबत डॉक्टरांचे पत्र, त्याचे जर्मन भाषांतर, कंपनीचे रजेचे पत्र आणि भाडेकरार जोडला. उत्तरास वेळ लागला, पुन्हा विचारावे लागले, पण शेवटी एका पानाचे पत्र आले, ज्यात अमुक तारखेपर्यंत परत आल्यास परवाना अबाधित राहील, एवढेच एक वाक्य महत्त्वाचे होते.

ते पत्र परतताना फ्रँकफर्टच्या विमानतळावर कामास आले. वास्तव्य परवाना असलेल्यांच्या पासपोर्टवर जर्मन अधिकारी शिक्का मारत नाहीत, म्हणून तारखा कोणाला कळणार नाहीत असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात त्या अधिकाऱ्याने मुंबईच्या इमिग्रेशनचा आगमनाचा शिक्का शोधून काढला, त्यावर बोट ठेवून महिने मोजले आणि ‘आपण इतका काळ कोठे होता?’ असे विचारले. मी पत्र पुढे केले, त्यांनी तारीख वाचली आणि पासपोर्ट परत दिला. पत्राची मूळ प्रत हातातील पिशवीत ठेवावी, चेक-इन केलेल्या बॅगेत नव्हे.

दुसरी बाब आरोग्य विम्याची, जिचा विचार आपण अद्याप केलेला दिसत नाही. बिनपगारी रजा एका महिन्याहून अधिक झाली की नोकरीमुळे मिळणारे विम्याचे संरक्षण संपते. आपले पती सरकारी विम्यात असतील, तर त्यांच्या कौटुंबिक विम्यात आपला समावेश होऊ शकतो का, हे विमा कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे. त्या विम्याचा भारतात उपयोग होत नाही, तेव्हा नाशिकमधील वास्तव्यासाठी स्वतंत्र सोय करावी लागेल. आजारी नातेवाइकाच्या शुश्रूषेसाठी येथे सहा महिन्यांपर्यंत रजेचा कायदेशीर हक्क आहे, परंतु त्यासाठी रुग्णाची शुश्रूषेची गरज येथील व्यवस्थेने प्रमाणित केलेली असावी लागते. भारतातील आई-वडिलांबाबत ते जमत नाही. म्हणून कंपनी राजीखुशीने रजा देत असेल तर त्याची अट, मुदत आणि परत त्याच पदावर घेण्याची हमी हे सारे सही-शिक्क्यासह घ्यावे.

हिंजवडीकर:

विषयाला जोडूनच एक शंका आहे. मी पुण्यातील कंपनीकडून डेप्युटेशनवर दोन वर्षे येथे होतो आणि नंतर स्थानिक कंपनीत ब्लू कार्ड घेतले. ती दोन वर्षे या २१ महिन्यांत धरली जातील का?

इझारतीर:

नाही. ब्लू कार्डावरील पीआरसाठी ब्लू कार्डाच्या नोकरीचे २१ महिने, किंवा जर्मन केवळ ए१ (प्राथमिक) पातळीचे असल्यास २७ महिने, मोजले जातात आणि त्या प्रत्येक महिन्याचा निवृत्तिवेतन विम्याचा हप्ता भरलेला असावा लागतो. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार डेप्युटेशनवर आलेल्यांचा भविष्य निर्वाह निधी भारतातच चालू राहतो आणि त्यांना येथील हप्त्यातून सूट मिळते. पगारात ती सूट गोड वाटते, पण येथील निवृत्तिवेतनाच्या खात्यात ते महिने कोरे राहतात. आपण त्या खात्याचा उतारा टपालाने मागवून घ्यावा. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती महिने आणि किती वेतनावर हप्ता जमा झाला, हे ओळीने छापलेले असते, आणि कार्यालयातही तोच उतारा पाहिला जातो.

गोदाकाठची, आपल्यालाही हेच लागू आहे. बिनपगारी रजेचे महिने त्या उताऱ्यात दिसणार नाहीत. आपले २१ महिने आधीच भरलेले असल्यामुळे पीआरला बाधा नाही, पण युरोपीय संघाच्या दीर्घकालीन वास्तव्य परवान्यासाठी पुढे पाच वर्षांचे वास्तव्य आणि ६० महिन्यांचे हप्ते लागतील, तेथे या रजेचे महिने हप्त्यांच्या मोजणीत कमी पडतील. तो परवाना अवश्य घ्यावा, कारण पूर्वी ब्लू कार्ड असलेल्या व्यक्तीला त्यावर सलग २४ महिन्यांपर्यंत युरोपीय संघाबाहेर राहता येते. तो साध्या पीआरसोबत बाळगताही येतो. आई-वडील भारतात असलेल्या प्रत्येकाने हा परवाना माहीत करून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

पतींबाबत: आपल्याला पीआर मिळाल्यानंतर, त्यांचे येथील परवान्यावरील वास्तव्य तीन वर्षांचे झाले आणि ते आठवड्याला किमान २० तास काम करत असतील, तर बी१ आणि ‘लेबेन इन डॉइचलांड’ चाचणी यांच्या आधारे त्यांनाही पीआर मिळू शकतो. त्यांनी भाषेचा वर्ग आताच लावावा.

माळरान:

काही जण आपल्याला ‘सरळ नागरिकत्वच घ्या, मग कितीही काळ भारतात राहा’ असा सल्ला देतील. जून २०२४ पासून जर्मन नागरिकत्व पाच वर्षांत मिळू शकते आणि जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालते, हे खरे आहे. परंतु भारताला ते चालत नाही. जर्मन नागरिकत्व स्वीकारले की भारतीय नागरिकत्व संपते, पासपोर्ट जमा करावा लागतो आणि भारतात मुक्तपणे येण्या-राहण्यासाठी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे कार्ड) घ्यावे लागते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी विशेष विचार करावा: ओसीआयधारकाला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण नवी विकत घेता येत नाही. आमच्याकडे चुलत्यांचा हिस्सा विकत घेण्याची बोलणी चालू होती, म्हणून मी नागरिकत्वाचा अर्ज तूर्त थांबवला आणि पीआरवरच राहिलो. सातबाऱ्यावरचे व्यवहार पुरे झाल्यावरच तो निर्णय घेईन.

गोदाकाठची:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पीआरचा अर्ज याच आठवड्यात देते आणि मुदतवाढीची विनंती डॉक्टरांच्या पत्रासह स्वतंत्रपणे करते. शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टरांनी थोडी पुढे ढकलली आहे, त्यामुळे वेळ मिळेल असे वाटते. एकच शंका राहिली: माझ्या भारतीय पासपोर्टची मुदत पुढील वर्षी संपते. त्याचा काही अडथळा येईल का?

इझारतीर:

पीआरचा हक्क पासपोर्टच्या मुदतीबरोबर संपत नाही, पण नवीन पासपोर्ट आल्यावर हातातील कार्डही नव्याने करून घ्यावे लागेल का, हे कार्यालयात विचारून घ्यावे. म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण वाणिज्य दूतावासाकडून आताच करून घ्यावे. पीआरचा अर्ज त्यासाठी थांबवू नये. जुन्या पासपोर्टवर अर्ज देऊन, नवा हाती येताच त्याची प्रत कार्यालयास पाठवावी. कार्ड छापून येण्यास काही आठवडे लागतात, तेव्हा विमानाचे तिकीट ते हातात पडल्यावरच काढावे.