आयर्विन पुलाला पाणी ३४ फूट झालंय, आम्ही तळमजल्यावर राहतो. सामान कधी हलवायचं?

आटपाडीची_मीनल:
नमस्कार. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सांगलीत आलो. गावभागात तळमजल्यावर भाड्यानं राहतो. मी दुष्काळी भागातली, टँकरमागं घागर घेऊन पळण्यात लहानपण गेलं. पूर डोळ्यांनी कधी बघितलेला नाही. आज सकाळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ३४ फूट पाणी होतं, कोयनेतून विसर्ग वाढवणार असं ऐकतेय. सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालंय, जिना चढता येत नाही. धाकटी आठ महिन्यांची आहे. मालकीणबाई वर राहतात. त्या म्हणतात, "घाबरू नका, २०१९ ला आम्ही वरच होतो, तुम्हीपण वर या." सासरे म्हणतात, ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, तोवर हलायचं कारण नाही. निघायचं तर नेमकं कधी, आणि आधी काय उचलायचं?

गिरणीवाला_काका:
मीनलताई, माझी पिठाची गिरणी गावभागातच आहे, वडिलांच्या वेळची. २००५ चा, २०१९ चा आणि २०२१ चा, असे तीन पूर तिच्यात शिरले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. गिरणीत छातीएवढं. पाणी उतरल्यावर मी भिंतीवर लाल ऑइलपेंटनं रेघ मारली. पुढची चौदा वर्षं त्या रेघेवर माझा देवावर नसेल एवढा विश्वास होता. २०१९ ला पाणी चढायला लागल्यावर मी लोखंडी अँगलवर फळ्या टाकल्या, रेघेच्या वर चांगली वीतभर, आणि गिऱ्हाइकांचे दळणाचे डबे, पोती, स्टार्टर सगळं त्यावर चढवलं. मोटर खोललीच नाही. गाडी फिरवून सांगत होते बाहेर पडा म्हणून. आम्ही म्हणालो, २००५ पेक्षा जास्त कुठलं येतंय.

आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं. माझ्या रेघेच्या जवळजवळ चार फूट वर.

पाणी नदीकडून लोंढ्यासारखं येईल असं वाटत असेल तर तसं नसतं. आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे येतात. मग संडासातून उलटं येतं. रस्ता कोरडा आणि घरात पाणी, असा तासभर जातो. आमच्या राहत्या घरात फ्रीज तरंगला आणि मधल्या दारात आडवा पडला. लाकडी दार फुगून बसलं. मी आणि बायको खिडकीतून बाहेर आलो, रात्री, कमरेएवढ्या पाण्यात.

आठ-नऊ दिवसांनी गिरणी उघडली. डब्यांवर गिऱ्हाइकांची नावं असतात ना रंगानं लिहिलेली, ती तशीच होती. ज्वारी फुगून झाकणं उडालेली, आणि वरच्या थराला पांढरे कोंब. वास अजून नाकात आहे. एक म्हातारी आली, तिचा दहा किलोचा डबा होता. काही बोलली नाही. डबा उपडा केला, नळावर घासला आणि घेऊन गेली. मला त्या दिवशी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२०२१ ला आयर्विन ४० ला लागलं त्या सकाळी मी मोटरचे नट खोलले, टेम्पोत घातली, विश्रामबागला मेव्हण्याकडं नेली. पाणी ५४ च्या पुढं गेलं, गिरणी परत बुडाली. पण मला नुसता गाळ काढावा लागला.

आता तुमचं. ४० आणि ४५ हे पुलाचे आकडे आहेत, तुमच्या उंबऱ्याचे नाहीत. प्रत्येक बोळाचा आकडा वेगळा. मालकीणबाईंना एवढंच विचारा, "आयर्विनला किती होतं तेव्हा आपल्या पायरीला पाणी लागलं?" जो आकडा सांगतील त्याच्या पाच फूट आधी तुमचं घर रिकामं पाहिजे. सासऱ्यांना आणि बाळाला त्याच्याही आधी, दिवसाउजेडी. ४० नंतर टेम्पो मिळत नाही, मिळाला तर तिप्पट मागतात.

आभाळाकडं बघून ठरवू नका. सांगलीत लख्ख ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं, कारण पाऊस महाबळेश्वरला, कोयनेच्या खोऱ्यात पडतोय. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं, हरिपूरला वारणा मिळते, आणि पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा तुंबलेली असली की आपल्या पाण्याला फुगवटा येतो, ते उतरतच नाही. कोयनेतून सोडलं अशी बातमी आली की तेव्हाच आवरायला घ्या.

सूर्यवंशी_प्लॉट:
काकांशी सहमत, पण घर सोडलं की चोऱ्या होतात हेही खरं. २०१९ ला आमचं कुलूप फोडलं होतं. वरचा मजला असेल तर एका माणसानं थांबावं.

गिरणीवाला_काका:
दादा, भीती खरी आहे. धडधाकट माणूस थांबला तर माझं काही म्हणणं नाही. पण वर राहिलं तरी संडास चालत नाही, लाइट नसते, चहूकडं पाणी आणि प्यायला तांब्याभर नाही. त्यात आठ महिन्यांचं बाळ आणि खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस. आणि शेवटी बोटीतच बसावं लागतं. २०१९ च्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली ती आपण विसरलो का?

हर्णैची_लेक:
मी लग्न होऊन मिरजेत आले, माहेर दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी इथं फोन धरून बसले होते. आदल्या दिवशी आईनं नारळ उतरवून घेतले, पन्हळी सोडवून ठेवल्या, भावानं होडी वर ओढून माडाला बांधली. दुपारी फोन बंद झाला. दोन दिवसांनी चुलतभाऊ आडव्या झाडांवरून चढत-उतरत रेंज असलेल्या जागी गेला तेव्हा कळलं, माणसं ठीक आहेत. कौलं गेली, पोफळीची बाग झोपली. वीज यायला कित्येक दिवस लागले. आईनं घराचे कागद, पासबुकं, रेशनकार्ड पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात घालून डबा पोटाशी धरला होता. तेवढेच कोरडे राहिले.

मीनलताई, आमच्याकडं वारा काही तासांत होत्याचं नव्हतं करतो. तुम्हाला दीड-दोन दिवस मिळतात, ते घालवू नका. सासऱ्यांची औषधं पंधरा दिवसांची घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक्स-रेसुद्धा. बाळाच्या लसीचं कार्ड विसरू नका. आणि घराचे फोटो आत्ताच काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी लागतात.

आटपाडीची_मीनल:
सगळ्यांचे मनापासून आभार. मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी जिन्याखालची पेन्सिलची खूण दाखवली, बाजूला त्यांच्या यजमानांनी लिहिलंय: "४७ ला पायरी". सासऱ्यांनी स्वतः वाचलं आणि गप्प झाले. उद्या सकाळी सातला टेम्पो सांगितलाय. सासरे, मी आणि मुलं मिरजेला नणंदेकडं, हे मागं राहून सामान वर चढवतील. काका, एक भरलेला सिलिंडर आहे, तो वर न्यायचा की इथंच ठेवू?

गिरणीवाला_काका:
वरच न्या. रेग्युलेटर काढा, टोपी लावा, आणि उभा करून साखळीनं बांधा. रिकामाही बांधा, तो तरंगतो. निघताना मेन स्विच बंद करा. मिरजेला पोचलात की इथं दोन ओळी टाका.