क्षितिजावर पृथ्वीची गोलाई दिसते का? आपापले अनुभव सांगा

टिळकवाडी, बेळगाव (धागा सुरू करतोय):
सुट्टी लागली की अर्धं बेळगाव वेंगुर्ला, गोवा, कारवारला, आणि हल्ली किनाऱ्यावर हाच वाद, समुद्राची रेघ सरळ दिसते मग पृथ्वी गोल कशी. पोरं मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवतात आणि मोठी माणसं "शाळेत हेच शिकलास काय" म्हणून गप्प बसवतात, ते मला अजिबात पटत नाही, पोरानं विचारलं तर उत्तर द्यायला पाहिजे. वाळूत उभं राहिलं की क्षितिज जेमतेम पावणेपाच किमीवर असतं, तेवढ्या टप्प्यात रेघ सरळच दिसणार. गोलाई डावी-उजवीकडं शोधू नका, आपल्यापासून लांब जाणाऱ्या वस्तूत शोधा. स्वतः बघितलेलं लिहा, ऐकीव नको.

खानापूर:
वेंगुर्ला बंदरावर दुर्बिणीतनं ट्रॉलर बघत होतो. केबिन दिसालंय, झेंडा दिसालाय, खालचा निळा भाग गायब. झूम केलं की बोट परत येते असं व्हिडिओत सांगतात, पण ती रेघेच्या अलीकडं असेल तरच. तसाच पळत टेकडीवर चढलो तर निळा भाग परत दिसला! उंची वाढली की क्षितिज लांब सरकतं, बास.

निपाणी:
मी लग्नाची ड्रोन शूटिंग करतो. ड्रोनच्या व्हिडिओत वाकडी रेघ दाखवून "बघा गोलाई" म्हणणाऱ्यांनी कृपया थांबा, तो लेन्सचा बाक आहे. कॅमेरा जरा वर उचला, रेघ फ्रेमच्या खालच्या अर्ध्यात आली की उलटी वाकते. खऱ्या गोष्टीला खोटा पुरावा दिला की समोरचा खरं पण ऐकत नाही.

मराठा लाइट इन्फंट्री (निवृत्त), बेळगाव तालुका:
हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश. आमच्या गावात ध्रुव क्षितिजापासून दीड मूठ वर, लेहला जवळजवळ साडेतीन मुठी. उत्तरेला साधारण 111 किमी गेलं की एक अंश वर चढतो, कुठनंही निघा हिशोब तोच. आणि आपल्याकडं दक्षिणेला ठळक दिसणारा अगस्ती तारा तिथं डोंगरामागनं वरच येत नाही. रेघ सरळ दिसू दे की, क्षितिजच कलतंय ना.

चंदगडकडचा, काम बेळगावात:
आम्ही गवंडी. लेव्हलच्या नळीत दोन्हीकडचं पाणी एका पातळीत उभं राहतं. आंबोली 690 मीटरवर, हवा स्वच्छ असली की सी व्ह्यू पॉइंटवरनं समुद्र दिसतो. नळीची दोन टोकं फळीवर मीटरभर अंतरानं उभी बांधली, पाण्यात नीळ घातली आणि एक डोळा मिटून दोन्ही पातळ्या एका रेषेत आणल्या. समुद्राची रेघ पुढच्या नळीवर त्या पातळीच्या बोटभर खाली! जमीन सपाट असती तर लेव्हललाच आली असती.

टिळकवाडी:
एकदम भारी. क्षितिजाचा हाच उतार अल-बिरुनी या विद्वानानं हजार वर्षांपूर्वी आताच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरनं मोजला आणि त्यातनं पृथ्वीची त्रिज्या काढली. आम्ही पोरांना घेऊन जाणार, कधी जाऊ?

चंदगडकडचा:
पाऊस उघडल्यावर, सकाळचं धुकं विरलं की. दुपारनंतर ऊन समोरनं येतं, रेघ नीट दिसत नाही. आणि नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना ते आधी बघा.