ऑगस्ट : पाँपेईची तारीख आणि राहिलेली एक लढाई

ऑगस्टमधल्या प्राचीन घटनांच्या एका यादीत पाँपेई हे रोमन शहर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेल्याची तारीख २४ ऑगस्ट इ.स. ७९ दिली आहे. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्राच्या नकलांमधून ती आपल्यापर्यंत आली. पण २०१८ मध्ये तिथल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली ओळ सापडली. तिच्यातली तारीख १७ ऑक्टोबर पडते. वर्ष लिहिलेलं नाही, हे खरं. तरी त्या घराचं काम तेव्हा चालू होतं, आणि कोळशाची अक्षरं भिंतीवर अशी किती दिवस टिकणार? उत्खननात डाळिंबंही मिळाली आहेत, म्हणजे शरद ऋतूतलं फळ. मला तरी ऑक्टोबरच पटतो. पत्राच्या नकला शतकानुशतकं हातानेच होत होत्या, रोमन तारखेत एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायला कितीसा वेळ लागतो!

त्या यादीत रोम आणि कार्थेज यांच्यातली कॅनीची लढाई मात्र हवीच होती. २ ऑगस्ट इ.स.पू. २१६. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने आपली मधली फळी मुद्दाम मागे सरकू दिली, रोमन त्या पोकळीत घुसत गेले आणि दोन्ही बाजूंनी आवळले गेले. पाठीमागून घोडदळ आलं. इतिहासकार लिव्हीच्या आकड्यांत सुमारे ४८ हजार रोमन पडले, दुसरा इतिहासकार पोलिबियस ७० हजार सांगतो.

तेव्हा या महिन्याचं नाव सेक्स्टिलिस, म्हणजे मार्चपासून सहावा. ऑगस्टस हे नाव इ.स.पू. ८ मध्ये मिळालं, कारण रोमन सम्राट ऑगस्टसने अलेक्झांड्रिया याच महिन्यात घेतलं होतं.