चोर्ला घाट, जुनी वॅगनआर आणि तेरा महिन्यांची लेक: कार सीट कुठली घ्यावी?

साखळीची सून

मंडळी, सल्ला हवाय. आम्ही साखळीला राहतो आणि माझं माहेर बेळगाव, त्यामुळे चोर्ला घाट काही चुकत नाही. लेक तेरा महिन्यांची, वजन साडेनऊ किलो. केरी मागे पडून वळणं सुरू झाली की ओकते. आजवर मांडीवरच नेली, पण आता ती मांडीवर ठरत नाही. मी मागे बसले तरी दोन सीटांच्या फटीतून गियरवर झेप घेते.

गाडी २०१४ची वॅगनआर. आयसोफिक्स, म्हणजे कार सीट थेट अडकवायच्या कड्या, नाही. सीटच्या खाचेत हात घालून कड्या शोधल्या, चिल्लर तेवढी मिळाली. मागे दोन्ही कडांना खांद्यावरून येणारे पट्टे आहेत, मध्ये फक्त कमरेचा.

बजेट आठ हजार, फार तर दहा. पणजीत एका दुकानात गेलो तर तो म्हणाला, "नऊ किलो झाली ना, मग समोर तोंड करूनच बसवायची," आणि बावीस हजारांची सीट पुढे केली. सासूबाई म्हणतात, आमची चार पोरं मांडीवर वाढली. नवरा म्हणतो, दोन वर्षांत गाडी बदलू तेव्हा आयसोफिक्सवालीच घेऊ. मधली दोन वर्षं पोरगी काय डिकीत बसवायची?

तर विचारायचं असं: दहाच्या आतली सीट खरंच सुरक्षित असते का? तिचं तोंड पुढे की मागे? आणि जाऊबाईंच्या ओळखीत एक वापरलेली सीट तीन हजारांना मिळतेय, ती घ्यावी का?

फोंड्याचा बाप

वहिनी, किमतीचं नंतर. आधी सीट उलटी करून नारिंगी स्टिकर शोधा. त्यावर गोलात इंग्रजी ई आणि एक आकडा असतो. तो आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा. १ म्हणजे जर्मनी, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. खाली मंजुरीचा लांबलचक क्रमांक असतो. आर-४४ ह्या युरोपियन नियमातली सीट असेल तर तो क्रमांक ०४ ने सुरू झालेला बघून घ्या, आणि 'युनिव्हर्सल' लिहिलेलं हवं. आर-१२९ हा त्यापुढचा, नवा नियम. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२. ह्यातलं काहीच नसेल तर ती वस्तू म्हणजे गादी लावलेली प्लॅस्टिकची खुर्ची, मग दाम कितीही असो. ऑनलाइन पाच-सहाशेला कापडी पट्ट्यांची एक गादी 'कार सीट' म्हणून विकतात, तिच्याकडे तर बघूही नका.

दहाच्या आत स्टिकरवाल्या सीटा मिळतात. लवलॅप, आर फॉर रॅबिट अशा आपल्या कंपन्यांच्या कन्व्हर्टिबल, म्हणजे तोंड मागे-पुढे दोन्हीकडे करता येणाऱ्या सीटा, बघा. महागड्या सीटमध्ये मऊ कापड, गोल फिरणारा तळ, आयसोफिक्स ह्यांचे पैसे असतात. तुमच्या गाडीला कड्याच नाहीत, तर ते पैसे कशाला मोजायचे? पट्ट्याने नीट आवळलेली सीटही सुरक्षितच असते. आयसोफिक्सचा मोठा फायदा एवढाच की ती चुकीची बसवणं अवघड जातं.

आता तोंडाचं. दुकानदार जुन्या नियमाचं अर्धंच वाक्य सांगतोय. आर-४४ मध्ये नऊ किलोनंतर समोर तोंड चालतं, करायलाच हवं असं कुठेही नाही. आर-१२९ मध्ये पंधरा महिन्यांच्या आत समोर तोंड करताच येत नाही, वजन काहीही असो. कारण साधं आहे. ह्या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. समोरून धडक बसली की धड पट्ट्याने अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा हिसका मानेवर. मागे तोंड असलं की पाठ, मान, डोकं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं. तेव्हा 'शून्य ते अठरा किलो'वाली कन्व्हर्टिबल घ्या. अशा सीटमध्ये साधारण तेरा किलोपर्यंत मागे तोंड ठेवता येतं. नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत बघा. तेवढं भरेपर्यंत वळवू नका. पाय दुमडतात म्हणून लोक घाई करतात. पोरांना त्याचं काही नसतं, मांडी घालून बसतात.

आणि पैसे देण्याआधी सीट तुमच्याच गाडीत लावून बघायची. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान. मागे तोंड असताना पट्टा बहुतेक सीटांना निळ्या खुणांवरून जातो, पुढे तोंड असताना लाल. निळ्या वाटेने ओवा, गुडघा सीटमध्ये रोवून सगळं वजन टाका, मग पट्टा ओढा. पट्टा जातो त्याच जागी सीट धरून हलवा. इंचभराहून जास्त सरकली तर पुन्हा. छोट्या गाड्यांत कधी पट्टा लांबीला पुरत नाही, कधी गाडीचं बक्कल नेमकं सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर आडवं येतं. तसं आलं तर ती सीट त्या गाडीसाठी नाही. हे सगळं सपाट जागी बघा, साखळीच्या चढावर नको, कलण्याचा अंदाज चुकतो.

वापरलेल्या सीटचं: मालक तुमच्या चांगल्या माहितीतला असेल आणि गाडीला ठोकर बसलेली नाही हे तो छातीठोक सांगत असेल तरच. धडक खाल्लेल्या सीटची चीर वरून दिसेलच असं नाही. बुडाशी प्लॅस्टिकमध्ये छोटं घड्याळासारखं वर्तुळ उमटवलेलं असतं, मध्ये साल आणि बाण महिन्यावर. किती वर्षं वापरायची ते कंपनी सांगते, त्याच्याशी ताडून बघा.

पेडण्याचा गडी

एवढं कशाला? गोव्यात अंतरं ती केवढी, गाडी पन्नासच्या वर जाते कुठे? आईने घट्ट धरलं की झालं. पोलीस तरी कुठे विचारतात?

फोंड्याचा बाप

पन्नासचाच हिशेब करू. पन्नासच्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर दहा किलोचं पोर हातातून सुटताना जवळपास दोनशे किलोची ओढ लावतं. धरा बघू. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९४-बी आलंय, चौदा वर्षांखालचं मूल बेल्टविना किंवा कार सीटविना नेलं तर हजार रुपये दंड. आणि पन्नासच्या वर जात नाही म्हणे! पहाटे पत्रादेवीहून म्हापशाकडे येणाऱ्या गाड्या बघितल्या आहेत का?

मडगावची आई

फोंड्याच्या दादांनी यंत्राचं सांगितलं, मी धुण्याचं सांगते. ओकणारी लेक आहे ना? मग कव्हर पूर्ण निघतं का ते दुकानातच काढून बघ. काही सीटांचं कव्हर काढायचं तर पट्टे आधी सोडवावे लागतात आणि परत ओवताना नवऱ्याशी भांडण होतं. कव्हर मशीनला चालतं, पण पट्टे मशीनमध्ये किंवा ब्लीचमध्ये अजिबात घालायचे नाहीत, धागा कमजोर होतो. ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने पुसायचे. बक्कलमध्ये ओकारी गेली तर ते नीट 'टक्' वाजेनासं होतं. ते कसं धुवायचं ते पुस्तिकेत असतं, तेल मात्र सोडू नकोस.

दुसरं, आपला पावसाळा. बंद गाडीत सीट ठेवून दिलीस की जूनच्या शेवटाला पट्ट्यांखाली हिरवी बुरशी. आठवड्याला कव्हर काढून पंख्याखाली टाकायचं. आणि मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात गाडी उन्हात लावली तर बक्कलचं लोखंड असं तापतं की पोरीच्या मांडीला चटका बसतो. सीटवर पांढरा पंचा टाकून जायचं, आल्यावर आधी स्वतःच्या हाताने बक्कल चाचपायचं.

पट्टे आवळल्यावर खांद्यापाशी चिमटीत धरून बघ. चिमटीत घडी आली म्हणजे सैल आहेत. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यायला हवेत. वरून नव्हे.

पहिल्यांदा घाटात नेऊ नकोस. आधी डिचोलीपर्यंत ने-आण कर. रडेल. रडू दे. एकदा कडेवर घेतलीस की तिला कळतं की रडलं की सुटका होते. सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांनाच तिच्या शेजारी बसव आणि खेळणं त्यांच्या हातात दे. माझ्या सासूबाई आता पोराचं बक्कल लागल्याशिवाय माझ्या नवऱ्याला किल्ली फिरवू देत नाहीत.

जाता जाता: नवरा तिला स्कूटरवर पुढे उभी करून नेत असेल तर तेही बंद. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हार्नेस आणि हेल्मेट सक्तीचं आहे, वेग चाळीसच्या आत.

साखळीची सून

दादा, ताई, देव बरें करूं! जाऊबाईंच्या ओळखीतली सीट बघून आले. घड्याळात साल २०१३ आणि नारिंगी स्टिकरच्या जागी नुसता गोंद. नमस्कार करून परत आले.

म्हापशाच्या एका दुकानदाराने मात्र स्वतः येऊन दोन सीटा गाडीत लावून दाखवल्या. एकीचं बक्कल आडवं आलं. दुसरी घट्ट बसली, नऊ हजारांच्या आत. पण ड्रायव्हरच्या मागे लावली की नवऱ्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकतात. मग डावीकडे लावू का? की सरळ पुढच्या सीटवरच, म्हणजे ती मला दिसेल तरी?

फोंड्याचा बाप

पुढे नको. समोर एअरबॅग असेल तर मागे तोंड केलेली सीट तिथे लावणं म्हणजे जिवाशी खेळ. ती उघडते ती थेट सीटच्या पाठीवर. डावीकडे मागेच लावा. पोरीला चढवता-उतरवताना तुम्ही रस्त्याच्या कडेला असता, वाहतुकीत नाही. पुढची डावी सीट जरा पुढे सरकवावी लागेल, तिथे घरातलं सर्वांत बुटकं माणूस बसवा.

साखळीची सून

ते मीच. म्हणजे मागे लेकीशेजारी सासूबाई, ओकारीची पिशवी त्यांच्याकडे. उद्या सीट आणते.