पद्मिनीच्या मडगार्डचा फायबर साचा: फाइल तयार आहे, पुढे काय?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण
२२ जुलै २०२१च्या पुरात वडिलांची प्रीमियर पद्मिनी पाण्याखाली गेली. इंजिन चालू झालंय, पण डाव्या पुढच्या मडगार्डची हेडलाइटमागे चाळण झाली आहे. दोन डेंटरांनी हात टेकले. उजवं मडगार्ड शाबूत आहे. ते स्कॅन करून कॉम्प्युटरवर आरशासारखं उलटवलंय. आता थर्माकोल सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कापणी यंत्रावर) कापून त्यावर थेट फायबर चढवू, की घरच्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचे तुकडे काढून जोडू? गणपतीत बाबांना याच गाडीतून गावी न्यायचंय.

होडीवाला, मिरकरवाडा
थर्माकोलवर पॉलिएस्टर रेझिन (फायबर घट्ट करणारा चिकट द्रव) लावू नकोस रे. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. मी एका टाकीचा अख्खा नमुना, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो आकार, असाच घालवलाय. पीयू (पॉलियुरेथेन) फोम घे. पीएलएचे तुकडेही चालतील, पण ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. जोडलेला नमुना उन्हात ठेवू नकोस, आणि रेझिनचे जाड थर एकदम चढवलेस तर त्या उष्णतेनेही तो वाकेल.

एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) वापरणार असशील तर सगळ्या बाजूंनी, कापलेल्या कडांनासुद्धा, रेझिन पाज. आपल्या हवेत ते फुगतंच.

पण सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच आहे. इतक्या वर्षांच्या गाडीची दोन अंगं सारखी राहत नाहीत. उजव्याचं प्रतिबिंब डावीकडे नेमकं बसेल हे गृहीत धरू नकोस. साचा काढण्याआधी नमुना गाडीवर लाव, बॉनेट आणि दार लावून फटी बघ. नमुन्यावर पुट्टीने चूक एका संध्याकाळी निघते. साच्यात गेली की प्रत्येक मडगार्डात उतरते.

चाकावरची कड आत वळते ना? तिथे एकसंध साचा अडकेल. फ्लँज (जोडाला बाहेर काढलेली कड) देऊन दोन भागांत कर. नमुन्यावर मेणाचे पाच-सहा हात, वर पीव्हीए (साचा सुटावा म्हणून लावायचा पातळ पापुद्रा), मग टूलिंग जेलकोट (साच्याचा गुळगुळीत, कडक पहिला थर). आधी पातळ फायबर टिश्यू, त्यावर ३०० ग्रॅमची मॅट (काचेच्या धाग्यांची चटई), मग ४५०ची. दिवसाला दोनच थर. घाई केलीस तर आकसून वाकडं होतं. साच्याच्या मागच्या आधाराच्या पट्ट्या साचा पूर्ण कडक झाल्यावरच लाव, नाहीतर त्यांच्या खुणा पुढे उमटतात.

आणि कोबाल्ट (रेझिन कडक होण्याचा वेग वाढवणारं) व हार्डनर (रेझिन कडक करणारं) कधीही एकमेकांत थेट ओतू नकोस, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर शेवटी.

राउटरवाला, कुडाळ
दादा बरोबर सांगतायत. फाइल देताना कडेला ३० मिलिमीटर जास्त ठेवा, फ्लँजला लागतं. उभ्या बाजूंना दोन-तीन अंश उतार द्या, नाहीतर साचा सुटताना जेलकोट उडतो. मॅट पावसाळ्यात पिशवीत गच्च बंद ठेवा. दमट मॅट रेझिन नीट पीत नाही.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण
दादा, पीयू फोमचा नमुना काल गाडीवर लावला. बॉनेटकडे वर ६ मिलिमीटर फट, खाली दाराला टेकतंय. बाबा स्वतः टॉर्च धरून बसले होते. कुठून सुरुवात करू?

होडीवाला, मिरकरवाडा
आधी दाराची बिजागरी बघ. दार हातात धरून वर उचल. हललं तर दार खाली उतरलंय, नमुना बरोबर आहे. नसेल हलत, तर दाराकडची कड घासून घे आणि बॉनेटकडे पुट्टी भर. साचा रविवारपर्यंत काढू नकोस. मी शनिवारी चिपळूणला येतोय, येताना टूलिंग जेलकोट घेऊन येतो.