छापलेली बिस्मथ टेलुराइडची पट्टी: सीबेक येतोय, पण रेझिस्टन्स मेगाओममध्ये

षटकोनी_प्लेट:
एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे: उष्णतेतून वीज काढणारी बिस्मथ टेलुराइडची पट्टी. त्याच्या नॅनोप्लेट्स (अतिसूक्ष्म चपटे कण) ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे बंद दाबपात्रात, केल्या (इथिलीन ग्लायकॉल, कणांवर बसणारं पॉलिमर पीव्हीपी, 180 अंश). टर्पिनिऑल (द्रावक) आणि इथाइल सेल्युलोज (शाई धरून ठेवणारा बाइंडर) घालून शाई केली, कॅप्टॉनवर (उष्णता सोसणारी प्लॅस्टिक फिल्म) स्क्रीनने पट्ट्या छापल्या आणि हॉट प्लेटवर 250 अंशाला तासभर भाजल्या. सीबेक (तापमानातल्या दर अंश फरकाला मिळणारं व्होल्टेज) −115 मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन, म्हणजे माल बरोबर आहे. पण 2 सेंटीमीटरच्या पट्टीला 3 मेगाओम! सर म्हणाले शाई पातळ कर. केली, तर कडेला काळी रिंगणं आली, मधे कॅप्टॉन दिसायला लागला. कुठे चुकतंय?

भट्टीवाला:
सीबेक मोजताना करंट वाहतच नाही, त्यामुळे तो आकडा ठीक येणारच. पॉवर काढायची तर कणाकणातून करंट जायला हवा, आणि तुम्ही प्रत्येक प्लेटला पीव्हीपीचा रेनकोट घातलाय. सेंट्रिफ्यूजमध्ये इथेनॉलने चार-पाचदा तरी धुवा. (रिसर्च पेपरांत धुण्यासाठी हायड्रॅझिन हे विषारी रसायन दिसेल. वाफा ओढून घेणारा चांगला हूड नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.) शिवाय 250 ला इथाइल सेल्युलोज पूर्ण जळत नाही आणि हवेत प्लेट्स मात्र ऑक्सिडाइझ होतात. ट्यूब फर्नेस, आर्गॉन, 400 च्या आसपास, थोडाच वेळ. टेलुरियम उडतं, म्हणून बोटीत (नमुना ठेवायच्या लांबट भांड्यात) त्याची चिमूटभर पूड ठेवा.

पत्रिकावाला_इचलकरंजी:
मला यातलं सायन्स कळत नाही, पण वीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय. सोनेरी पावडर पण चपटीच असते. शाई पातळ केली की ती कडेला पळते, आणि आडवी न बसता उभी-आडवी पडली की सोनं मातकट दिसतं. शाई दाटच ठेव, स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) एकाच दमात ओढ, आणि सुकल्यावर दाब दे. चमक आली म्हणजे पावडर झोपली.

भट्टीवाला:
दादांनी नेमकं सांगितलं. बिस्मथ टेलुराइड म्हणजे पाच-पाच अणूंचे थर (टेलुरियम-बिस्मथ-टेलुरियम-बिस्मथ-टेलुरियम), प्रत्येक जेमतेम 1 नॅनोमीटर, एकमेकांना सैल चिकटलेले. एन-टाइपमध्ये (सीबेक उणे येतो तो प्रकार) थराच्या दिशेने वीज थर ओलांडून जाण्यापेक्षा तीन-चार पट तरी सहज वाहते. प्लेट्स झोपायलाच हव्यात. भट्टीआधी दाबा.

षटकोनी_प्लेट:
आयआर लॅबमधल्या केबीआर प्रेसमध्ये (पूड दाबून चकत्या करायचं यंत्र) जुनीच, दाट शाईची पट्टी बटर पेपरमध्ये धरून दाबली. राखाडी होती, पेन्सिल घासल्यासारखी चमकायला लागली. 3 मेगाओमवरून 40 किलोओम, अजून न धुता! बटर पेपरला अर्धी पट्टी चिकटून आली ते सोडा. फर्नेसचा नंबर गुरुवारी आहे.

पत्रिकावाला_इचलकरंजी:
आमच्याकडे चिकटते म्हणजे पुरती सुकलेली नसते. रात्रभर ठेवून मग दाब.