अलिबागच्या किल्ल्यात चालत जायची वेळ, लवकर सांगा

निनाद_डोंबिवली: कुलाबा किल्ला चालत करायचाय. ओहोटी किती वाजता? चार साइटवर चार वेळा दिसतात. आज बुकिंग करायचंय, 'गूगल कर'वाल्यांनी लांब राहा.

चिंचगूळ: तारीख?

निनाद_डोंबिवली: मंगळवार.

चिंचगूळ: वर्षात बावन्न मंगळवार असतात हो. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. तारीख नाही तर तिथी तरी सांगा.

निनाद_डोंबिवली: अंगारकी! बाबांना किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शन घ्यायचंय. नाहीतर मंगळवारी सुट्टी कोण काढतं?

कुलाबकर: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी, म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन. दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. आठला उतरा, पावणेदहाला परत किनाऱ्यावर या.

बंड्या_फोरबायफोर: पाऊणपट आजोबांच्या काळातली. अर्धा-पाऊण तास सहज चुकतो. तक्ता बघा.

कुलाबकर: तक्ता बघाच. पण पाऊणपट येत असेल तर भलत्याच बंदराचा तक्ता उघडलाय हे तरी कळतं.

निनाद_डोंबिवली: नऊ जमणार नाही. गेटवेहून लाँच, मांडव्याहून बस, बारा वाजतील. गुडघाभर पाणी चालेल.

बंड्या_फोरबायफोर: बीचवर गाडी घालणार असाल तर टायरची हवा कमी करा. माझी आजवर एकदाही रुतलेली नाही.

चिंचगूळ: गाडीचं कोणी विचारलं?

कुलाबकर: बारा सगळ्यात वाईट. पाणी सहा तास एका चालीने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, मधल्या दोन तासांत निम्मं. तुमचे बारा नेमके त्या मधल्या तासांत. त्यात संकष्टी, पौर्णिमेचं उधाण पुरतं उतरलेलं नसतं. लोकांना वाटतं पाणी समोरून येताना दिसेल. ते बाजूंनी येतं आणि किनाऱ्यालगतचा खोलगट भाग आधी भरतं. तुम्ही कोरड्या खडकावर फोटो काढताय, आणि मागे परतीच्या वाटेवर मांडीभर झालेलं असतं. दरवर्षी कोणीतरी किल्ल्यात अडकतंच.

मँचेस्टरचा_मामा: आमच्याकडे मोरकॅमच्या उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपल्या गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर असेच बुडाले. ओहोटीत उघडी पडणारी तिथली वाळू ओलांडायला सोळाव्या शतकापासून सरकारी वाटाड्या नेमलेला असतो. वाळू जागा बदलते, म्हणून तो आधी वाट तपासून फांद्या रोवतो. आम्ही त्याच्यामागून अनवाणी...

निनाद_डोंबिवली: मामा, मी डोंबिवलीहून निघतोय.

चिंचगूळ: बाबांचं वय?

निनाद_डोंबिवली: ७४. काठी घेऊन व्यवस्थित चालतात. फक्त गेल्या वर्षी नागावला काठी निम्मी वाळूत गेली आणि पाय पोटरीपर्यंत. दोघांनी ओढला तेव्हा निघाला, चप्पल आतच राहिली. म्हणून तर विचारतोय.

चिंचगूळ: हे आत्ता सांगताय?

बंड्या_फोरबायफोर: घाबरवू नका. वाळू माणूस गिळते हे सिनेमात. आपलं शरीर त्या वाळू-पाण्याच्या लगद्यापेक्षा हलकं असतं, कमरेच्या आसपास जाऊन थांबतं.

कुलाबकर: हो, आणि वरून भरती आली की ती कमर घेऊन काय करायचं? निनादराव, पाय रुतला तर सरळ वर ओढायचा नाही. मागे टेकून वजन पसरायचं, पाय हळूहळू हलवत राहायचं, म्हणजे भोवती पाणी शिरून वाळू सैल होते. पण बाबांना चालवूच नका. सोमवारी मुक्कामाला या, सकाळी आठला घोडागाडी करा. किंवा बारालाच यायचं असेल तर होडीवाल्याला विचारा.

निनाद_डोंबिवली: ठीक, सोमवारचा मुक्काम. घोडागाडीवाले यायचे-जायचे मिळून किती घेतात? आई विचारतेय, किल्ल्यात साबुदाणा खिचडी मिळते का?

बंड्या_फोरबायफोर: मुक्काम आहे तर पोपटी खाऊनच या, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी.

चिंचगूळ: अंगारकीला पोपटी?

बंड्या_फोरबायफोर: मुक्काम सोमवारी आहे. आणि वालाच्या शेंगांची नुसतीही होते.